यूएसबीवरून हीटर : आज्ञा संगणकाची, वीज भिंतीतली

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या संचांची अवाढव्य यंत्रे नियंत्रण कक्षातून येणाऱ्या क्षीण संकेतांवर चालू-बंद होतात. घरचा हीटर संगणकाला जोडण्यामागेही हेच तत्त्व आहे.

यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉट वीज मिळते. एक किलोवॉटच्या हीटरला मात्र २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे पोर्ट हीटरला वीज देत नाही, केवळ आज्ञा देतो. ती आज्ञा रिले पाळतो. लहानशा प्रवाहाने त्यातील विद्युतचुंबक कार्यान्वित होतो आणि मुख्य विजेचे संपर्कबिंदू जुळतात. दोन्ही परिपथ एकमेकांपासून पूर्णतः अलग असणे अत्यावश्यक. अन्यथा संगणकच काय, माणूसही वाचणार नाही.

तापमान २४ अंशांखाली गेल्यावर चालू आणि २६ अंशांवर बंद, असे अंतर प्रोग्रॅममध्ये ठेवावे. ते नसल्यास रिले सतत टकटक करतो व लवकर झिजतो.

खरा धोका निराळाच आहे. हीटर चालू असताना संगणक गोठला, तर अनेक साध्या रिले बोर्डांवर शेवटची आज्ञा कायम राहते आणि हीटर तापतच जातो. म्हणून ठरावीक सेकंदांत संकेत न आल्यास आपोआप बंद होणारा बोर्ड निवडावा. रिलेचे संपर्कबिंदू चिकटले तर मात्र तोही हतबल ठरतो. त्यासाठी हीटरच्याच वायरीत, संगणकाशी काडीचाही संबंध नसलेला स्वतंत्र थर्मोस्टॅट हवा. मुख्य विजेची जोडणी व अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.