इंदूरचा उकिरडा

सेंद्रिय शेतीचा आधुनिक इतिहास सांगताना सहसा इंग्लंडपासून सुरुवात होते. त्यातला एक मोठा अध्याय मात्र होळकरांच्या इंदुरात, कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोठ्यातली माती यांच्या आधारे घडला.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ; दोघांनी मिळून विकसित केलेले गव्हाचे वाण गाजले. परंतु आसपासच्या रयतेची पिके औषधांवाचून निरोगी कशी राहतात, हा प्रश्न हॉवर्डना अधिक महत्त्वाचा वाटू लागला. शेतकरी आणि कीड हेच आपले अध्यापक, असे त्यांनी पुढे नमूद केले. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने रयतेला गुरुस्थानी मानावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पुशात प्रत्येक शास्त्राचा विभाग वेगळा. माती एकाकडे, कीड दुसऱ्याकडे. ही वाटणी हॉवर्डना जाचत होती. १९२४ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा आणि इंदूर दरबारची ३०० एकर जमीन यांच्या बळावर नवी संस्था उभी राहिली, तेव्हा त्यांना मोकळीक मिळाली.

तिथे सिद्ध झालेली ‘इंदूर पद्धत’ दिसायला उकिरड्यासारखीच. कापसाच्या टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई. मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर. शेण इथे विरजणासारखे. ओल आणि हवा दोन्ही राखून तीनदा चाळवणी केली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. चिनी शेतकऱ्यांची कंपोस्टची परंपरा हॉवर्डना एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथातून ठाऊक होती. तिला इथे प्रयोगशाळेतल्या मोजमापांची जोड मिळाली.

१९३१ मध्ये या प्रयोगांचा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नावे दोन: हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड. पहिले नाव जगभर झाले. पुढे ‘सर’ ही पदवीही लागली. दुसरे आज क्वचितच कोणी घेते.

गंमत अशी, की छोट्या शेतकऱ्यासाठी आखलेली ही पद्धत उत्साहाने उचलली ती चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी. त्यांच्याकडे मजूर होते, काडीकचऱ्याला तोटा नव्हता. गावातल्या शेतकऱ्याचे शेण मात्र गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. जळण दुसरे नव्हते. रासायनिक खताच्या गोणीने पुढे बाजी मारली, त्यामागे जाहिरात आणि सरकारी अनुदान जितके होते, तितकीच ही अडचणही होती. गोणी फोडून खत फेकणे आणि खड्डा तीनदा चाळणे यांतल्या श्रमांचा फरक थकलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

शेणाच्या या टंचाईवर उत्तर शोधले ते यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी. विटांचे जाळीदार टाके; हवा भोकांतून आपोआप खेळते, म्हणून चाळवणी नको. शेणही थोडेच लागते. बाकी काडीकचरा आणि माती. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते आणि तिची टाकी आजही अनेक गावांच्या बांधांवर दिसतात.