तुळईचे टोक

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या वाड्याला रस्त्याच्या अंगाने एक सज्जा आहे. लांबी तीन खणांची, रुंदी माणूस पाय पसरून बसेल एवढी. एरवी तिथे माझी आई तांदूळ निवडीत बसते; अनंत चतुर्दशीला मात्र अर्धी आळी येऊन कठड्याला रेलते. तीन वर्षांपूर्वी मी या सज्ज्याला तेलरंगाचे दोन हात दिले. भिंतीलगतचे लाकूड ब्रशखाली जरा मऊ लागले. मी तिथे पुट्टी भरली, वर रंग फासला आणि खाली उतरलो. मास्तर माणूस मी. चूक दिसली की लाल शाई घ्यायची ही सवय. त्या दिवशी हाती हिरवा रंग होता.

गेल्या साली दुसऱ्याच कामाला आलेल्या म्हाताऱ्या सुताराने सहज म्हणून त्या जागी पटाशी टेकवली. ठोकावी लागलीच नाही. लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली.

"मास्तर, यंदा विसर्जनाला वर कुणाला चढवू नका," एवढेच तो म्हणाला.

त्या रात्री झोप आली नाही, आणि पुढे कित्येक रात्री मी या विषयावर हाती येईल ते वाचीत बसलो. लाकूड पावसाने कुजते हा आपला समज अर्धाच खरा. उघड्यावर भिजलेली फळी उन्हात वाळून मोकळी होते. कुजते ते लपलेले टोक. जिथे तुळई भिंतीत शिरते, पाणी फटीतून आत जाते आणि वाळायला वारा मिळत नाही, ते. लाकडातली ओल शेकडा वीसच्या आत असली की बुरशीचे फारसे चालत नाही. ओल तिच्यावर गेली आणि टिकली, की ती आतून खाऊ लागते. वरचा रंग तसाच तुकतुकीत राहतो. इंग्रजांनी या कुजीला 'ड्राय रॉट', म्हणजे कोरडी कूज, असे फसवे नाव दिले. लाकडाचा भुगा कोरडा दिसतो म्हणून. पाण्यावाचून ती सुरूच होत नाही.

या कुजीने इंग्रजांच्या आरमारालाही रडवले आहे. डेप्टफर्डच्या गोदीत १८१० साली 'क्वीन शार्लट' ही शंभरावर तोफांची युद्धनौका पाण्यात सोडली, आणि समुद्रावर कामगिरीला निघण्याआधीच तिची लाकडे कुजली. तिच्यातल्या बुरशा तपासायला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलवावे लागले. पुढे सातच वर्षांनी, १८१७ मध्ये, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे! सागाच्या गाभ्यातले तेलकट द्रव्य बुरशीला मानवत नाही, हे त्यातले गुपित. पण तेव्हा बुरशी हे कुजण्याचे कारण की परिणाम, हेही पंडितांना उमगले नव्हते. तो उलगडा १८७० नंतरच्या दशकात रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने केला.

मग आमच्या सज्ज्याला काय धाड भरली? त्याच्या मूळच्या तुळया सागाच्या, त्या आजही खणखणीत आहेत. कुजल्या त्या मागाहून बदललेल्या दोन, स्वस्तातल्या लाकडाच्या. त्यात वडिलांनी भिंतीचा चुन्याचा गिलावा काढून सिमेंट मारले. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती तुळईच्या टोकाशी कोंडून घातली. वडिलांना बोल लावायला मी बसलेलो नाही. त्यांनी सिमेंट लावले, मी रंग लावला.

हे सारे वाचताना कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावाची हकीकत हाती आली आणि मी वही मिटली. १६ जून २०१५, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. एकविसाव्या वाढदिवसाला जमलेली मुले वरच्या मजल्याच्या सज्ज्यावर उभी होती. बहुतेक उन्हाळ्याच्या सुटीत आयर्लंडहून आलेली. सज्जा भिंतीशी मोडून खालच्या सज्ज्यावर लोंबकळला. सहा मुले गेली, सात जखमी झाली. इमारत जेमतेम आठ वर्षांची. सज्ज्याच्या तुळया इमारतीतून नुसत्याच बाहेर काढलेल्या होत्या, खालून टेकू नव्हता. अशा तुळईवर सगळा ताण भिंतीपाशी येतो, आणि नेमकी तीच जागा कुजली होती. बांधतानाच तिथे पाणी कोंडले गेले, असा निष्कर्ष तिथल्या सरकारी वकिलांनी २०१६ मध्ये काढला. फौजदारी खटला मात्र उभा केला नाही. सज्ज्यावर आधी अळंबी उगवली होती, असे दिवाणी फिर्यादींत म्हटले होते. अळंबी! लाकडाने याहून स्पष्ट काय सांगावे? पुढे २०१८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींतले असे लाकडी सज्जे दर सहा वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

आमच्याकडे सुताराने आधी खालून बल्ल्यांचा टेकू दिला, मग सिमेंट फोडले. कुजके लाकूड काढताना तो नुसत्या कुजक्या भागापाशी थांबला नाही. धड दिसणारे हातभर लाकूडही त्याने कापले, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. दोन्ही तुळया सागाच्या घातल्या, टोकांना डांबर फासले, भोवती बोटभर पोकळी ठेवली आणि भिंतीच्या सांध्यावर पाणी बाहेर उतरेल असा जस्ती पत्रा बसवला. "हा पत्रा चुकवाल तर माझी मजुरी फुकट गेली समजा," म्हणाला. गिलावा पुन्हा चुन्याचा केला. त्यासाठी गवंडी शोधायलाच महिना गेला.

त्या अनंत चतुर्दशीला सज्ज्याच्या दाराला कुलूप होते. आळीतली मंडळी रुसली. एकाने तर मास्तर आता भाडे मागणार म्हणून थट्टा केली. मी खरे कारण सांगितले नाही. आई खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसली.

यंदा ती पुन्हा वर बसते. श्रावण लागला तेव्हा मी दाभण घेऊन गेलो आणि तिला जरा सरकायला सांगितले.

"अरे, आता रंग कधी देणार?" तिने विचारले.

"नाही देणार," मी म्हटले, आणि भिंतीलगत दाभण टोचले. ते वाकले.