तेरा संघांचा कारागीर

खेळांचे इतिहास बहुधा अजिंक्यवीरांच्या नावांनी लिहिले जातात. बास्केटबॉल म्हटले की मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लेब्रॉन जेम्स ही नावे आमच्या वाचकांच्या घरातील मुलेदेखील सांगतील. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका खेळाडूचा विचार योजला आहे, ज्याचे नाव त्या मुलांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असेल. त्याचे नाव इश स्मिथ. अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, तो तेरा निरनिराळ्या संघांकडून खेळला. इतके संघ त्याच्यापूर्वी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते.

अशा खेळाडूस इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. हा शब्द प्रवासावरून आला असावा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्याचे मूळ 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या श्रेणीसंघांत तीन पायऱ्या असत. प्रथम उमेदवार, मग रोजंदार कारागीर आणि अखेरीस स्वतःची कर्मशाळा असलेला उस्ताद. यांपैकी मधला तो 'जर्नीमन'. हातात पूर्ण कसब आलेले, पण स्वतःचे छप्पर नाही. जर्मन प्रदेशात असे तरुण गावोगावी कामाच्या शोधात फिरत असत. त्यांची दैना पाहून कलोनचे फादर आडॉल्फ कोल्पिंग यांनी १८४९ साली त्यांच्यासाठी संघटना उभारली. फादर कोल्पिंग स्वतः तरुणपणी चर्मकाराच्या धंद्यातले रोजंदार कारागीर होते, म्हणून या जीवनाची झळ त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मधला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून हा खेळ रचला आणि फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या. नेस्मिथ ईशज्ञानाचे पदवीधर होते. त्यांनी खेळाचे तेरा नियम लिहिले. त्यांत पैशाचा उल्लेख नव्हता. व्यवसाय नंतर आला. आजच्या एन.बी.ए.चे मूळ १९४६ साली स्थापन झालेल्या संघटनेत आहे.

या व्यवसायात प्रारंभी खेळाडू संघाच्या मालकीचा असावा तसा होता. करार संपला तरी त्याच्यावरील हक्क संघाकडेच राही. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० साली या पद्धतीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली. पुढे १९८८ साली टॉम चेम्बर्स हा पूर्णपणे मुक्त होऊन दुसऱ्या संघात जाणारा पहिला खेळाडू ठरला. हे स्वातंत्र्य मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु ते सर्वांच्या पदरी सारखे पडले नाही. नामवंत खेळाडू संघ निवडू लागला. सामान्य खेळाडूस मात्र संघ निवडीत आणि संघच सोडीत राहिले. शिवाय चालू कराराच्या काळात संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल केली, तर त्याची संमती विचारण्याची प्रथा सहसा नाही. करार कायम ठेवून माणूस तेवढा दुसऱ्या गावी जातो.

संघ ३० आणि प्रत्येक संघात नियमित जागा १५. म्हणजे साऱ्या जगातून सुमारे ४५० जणांना तेथे स्थान मिळते. दरवर्षी होणाऱ्या नवोदितांच्या निवडीत दोन फेऱ्या असतात. जानेवारी उजाडला की काहींना केवळ दहा दिवसांचे करारही दिले जातात. रोजंदारी या शब्दाचा मूळ अर्थ येथे जवळजवळ जसाच्या तसा परत येतो.

इश स्मिथचा जन्म ५ जुलै १९८८ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट येथे झाला. त्याचे पूर्ण नाव इश्माएल. उत्पत्तीच्या पुस्तकातील हागारेचा पुत्र वाचकांना आठवेल. त्या नावाचा अर्थ 'देव ऐकतो' आणि त्याच्या वाट्याला आले ते अरण्यातले जिणे. सहा फूट उंचीचा हा तरुण त्या खेळात बुटकाच गणला जाई. त्याची खरी शक्ती पायांच्या वेगात आणि दुसऱ्याच्या हाती योग्य क्षणी चेंडू देण्यात होती. वेक फॉरेस्ट विद्यापीठातून तो चार वर्षे खेळला. तरीही २०१० च्या निवडीत साठ नावे पुकारली गेली, त्यांत त्याचे नाव नव्हते.

ह्यूस्टनने त्याला त्याच वर्षी घेतले. फेब्रुवारी २०११ मध्ये शेन बॅटिए या नावाजलेल्या खेळाडूस मेम्फिसला पाठविण्यात आले, तेव्हा त्याच व्यवहारात स्मिथचीही रवानगी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये जे. जे. रेडिक ऑर्लँडोहून मिलवॉकीला गेला, तेव्हाही स्मिथ सोबत. वृत्तपत्रांचे मथळे बॅटिए आणि रेडिक यांच्या नावांचे होते. वाण्याने माप पुरे करण्यासाठी मूठभर धान्य वर टाकावे, तसे स्मिथचे स्थान होते. ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स असे सहा संघ त्याने पहिल्या चार हंगामांत पाहिले. पुढे ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया व न्यू ऑर्लिन्स यांची भर पडली.

त्याच्या जीवनातील एक प्रसंग आम्हांस विशेष बोलका वाटतो. डिसेंबर २०१५ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ दयनीय स्थितीत होता. ३१ सामन्यांपैकी त्यांनी केवळ एक जिंकला होता. संघात तरुण होते, उंच होते, गुणवान होते. परंतु चेंडू पुढे नेऊन ज्याचा त्याच्या हाती देणारा कोणी नव्हता. नाताळच्या आदल्या दिवशी न्यू ऑर्लिन्सकडून स्मिथला परत आणण्यात आले. पूर्वी तो याच संघातून काही काळ खेळून गेला होता. दोनच दिवसांनी, २६ डिसेंबरला, फिलाडेल्फियाने फिनिक्सला हरविले. हंगाम संपला तेव्हा त्यांचे एकूण विजय १० होते आणि पराभव ७२. हा हिशेब कोणी अभिमानाने मिरवणार नाही. पण त्या दहांपैकी नऊ विजय स्मिथ आल्यानंतरचे होते, हेही त्याच हिशेबात लिहिलेले आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. एकाच गावी सलग तीन हंगाम राहण्याचा योग त्याला प्रथमच आला. त्यानंतर वॉशिंग्टन, मग त्याचे जन्मगाव शार्लट, पुन्हा वॉशिंग्टन आणि २०२२ मध्ये तेरावा संघ डेन्व्हर. तोवर १२ संघांचा उच्चांक होता. चकी ब्राऊन, टोनी मॅसनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ हे त्याचे पूर्वीचे मानकरी.

या चौघांची कहाणीही विचार करायला लावणारी आहे. जो स्मिथ १९९५ च्या निवडीत पहिल्या क्रमांकाचा होता, जिम जॅक्सन १९९२ मध्ये चौथ्या. त्यांच्याकडून केवढ्या अपेक्षा होत्या! दोघांनाही अजिंक्यपद कधी लाभले नाही. उलट ब्राऊन आणि मॅसनबर्ग हे दोघेही आपापल्या वर्षी ४३ व्या क्रमांकावर निवडले गेले होते. ब्राऊनला १९९५ मध्ये ह्यूस्टनबरोबर अजिंक्यपद मिळाले. मॅसनबर्गला ते २००५ मध्ये सॅन अँटोनियोबरोबर मिळाले, तेही त्याच्या शेवटच्या हंगामात आणि ज्या संघाने १९९० मध्ये त्याला प्रथम निवडले होते त्याच संघात.

इश स्मिथच्या बाबतीतही तसेच घडले. १२ जून २०२३ रोजी डेन्व्हरने मायामीचा पराभव करून आपल्या इतिहासातले पहिले एन.बी.ए. अजिंक्यपद मिळविले. ते निकोला योकिचच्या पराक्रमाचे फळ होते, हे सर्वमान्य आहे. स्मिथ त्या अंतिम लढतींत बहुतांशी बाकावरच बसून होता. परंतु अजिंक्य संघाच्या नामावलीत बाकावरच्या माणसाचेही नाव असते. पुढच्या हंगामात तो पुन्हा शार्लटकडून, आपल्या जन्मगावासाठी, खेळला.

येथे कोणी म्हणेल, की लाखो डॉलर मिळविणाऱ्यांची कणव कशाला? आक्षेप रास्त आहे. २०१०–११ मध्ये एन.बी.ए.तील नवोदिताचे किमान वार्षिक वेतन ४ लाख ७३ हजार डॉलरच्या घरात होते. आमच्या फादर कोल्पिंगांच्या चर्मकारांना असे दिवस स्वप्नातही दिसले नसते. आम्ही कणव मागत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की माणसाची किंमत आणि माणसाचे मोल या दोन गोष्टी एक आहेत काय? स्मिथची किंमत दरवर्षी बाजारात ठरत होती, कधी एखाद्या मोठ्या सौद्यातील पुरवणी म्हणून. त्याचे मोल मात्र फिलाडेल्फियाच्या त्या पोरसवदा संघाला दोन दिवसांत कळले.

तेरा संघ म्हणजे तेरा प्रशिक्षक, तेरा पद्धती, सोबत्यांच्या तेरा सवयी. दर वेळी नव्याने शिकायचे आणि पूर्वीच्या घराविषयी कडू शब्द मनात न ठेवता कामाला लागायचे. ज्यांच्या घरची माणसे दोन-दोन वर्षांच्या करारावर आखातात वा बोटीवर राबली आहेत, त्यांना हे कसब किती अवघड आहे ते आम्ही सांगण्याची गरज नाही. अशी माणसे अनेकदा हिशेबाच्या वहीत 'इतर' या सदराखाली जातात. आपण आपल्या घरातल्या, गावातल्या इतिहासाच्या वह्या लिहू, तेव्हा ते सदर उघडून त्यातली नावे एकेक करून वाचावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.