आठ जानेवारीचा दिनविशेष

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. विज्ञानाच्या दृष्टीने ८ जानेवारी हा चांगला भरगच्च दिवस. १६४२ साली या दिवशी गॅलिलिओचे निधन झाले. १८२३ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस जन्मला. नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला डार्विनपासून स्वतंत्रपणे सुचली होती. १८९१ साली वाल्टर बोटे हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जन्मले. त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९४२ साली स्टीफन हॉकिंग यांचा जन्म झाला.

या यादीखाली बहुधा आणखी एक ओळ येते: ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला आणि बरोबर ३०० वर्षांनी हॉकिंग.’ ओळ चटकदार आहे, पाठही पटकन होते. पण ती वाचून एखादी मुलगी विचारते, ‘म्हणजे गॅलिलिओच पुन्हा जन्माला आला का?’ हा प्रश्न हसून उडवून लावू नये. तो तपासता येतो आणि त्यासाठी बेरीज, वजाबाकी, भागाकार एवढे गणित पुरते.

आधी न्यूटनकडे पाहू. त्याची जन्मतारीख २५ डिसेंबर १६४२ अशी नोंदलेली आहे. मग वर्ष एकच झाले की! पण गॅलिलिओ वारला इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी, आणि न्यूटन जन्मला इंग्लंडमधील वुल्स्थॉर्प येथे. त्या काळी या दोन देशांची कॅलेंडरे वेगळी होती.

ज्युलियन कॅलेंडरमध्ये दर चौथे वर्ष लीप वर्ष असे. म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस. ऋतुचक्राचे खरे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे. फरक अकरा मिनिटांचा, पण साधारण १२८ वर्षांत तो एक दिवस भरतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस अलीकडे सरकला होता. म्हणून १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने दुरुस्ती केली: ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला, आणि १७००, १८००, १९०० यांसारखी ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षे लीप धरायची नाहीत असे ठरले. इटलीने हे लगेच स्वीकारले. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनेच कॅलेंडर चालवले.

आता दोन्ही तारखा एकाच मापाने मोजू. ग्रेगरियन कॅलेंडरप्रमाणे गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा आणि न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. ज्युलियनप्रमाणे मृत्यू २९ डिसेंबर १६४१ चा, जन्म २५ डिसेंबर १६४२ चा. कोणतेही एक कॅलेंडर घ्या, वर्षे वेगळीच येतात. मृत्यूची तारीख एका कॅलेंडरमधून आणि जन्माची दुसऱ्यातून घेतली तरच ‘त्याच वर्षी’ म्हणता येते. एक दोरी मीटरने आणि दुसरी वाराने मोजून दोन्ही सारख्या आहेत असे सांगण्यासारखेच हे झाले. दोन घटनांमधले खरे अंतर आहे ३६१ दिवसांचे.

मग हॉकिंग यांचे काय? इथे दोन्ही तारखा ग्रेगरियन आहेत, तेव्हा ‘बरोबर ३०० वर्षे’ हे विधान चूक नाही. या काळात ७२ लीप वर्षे आली, म्हणून एकूण १,०९,५७२ दिवस झाले. परंतु हाच हिशेब ज्युलियन कॅलेंडरने करा. तिथे गॅलिलिओची तारीख २९ डिसेंबर १६४१ आणि हॉकिंग यांची २६ डिसेंबर १९४१. तीन दिवस कमी पडले आणि योगायोग नाहीसा झाला! आपले पंचांग काय सांगते तेही पाहू. चांद्रमास सरासरी २९.५३०६ दिवसांचा. त्याने १,०९,५७२ ला भागले तर ३७१० महिने होऊन साडेतेरा दिवस उरतात, म्हणजे जवळजवळ अर्धा महिना. गॅलिलिओ गेला तेव्हा शुक्ल पक्ष चालू होता, हॉकिंग जन्मले तेव्हा कृष्ण पक्ष. आकाशात तर या दोन दिवसांचा मेळ नव्हता. तो होता फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात.

याचे आपल्या जवळचे उदाहरणही आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीचा मानला जातो आणि इतिहासग्रंथांत त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी येते. ही तारीख ज्युलियन आहे. आजच्या कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो. पडताळा चंद्रच देतो: वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, आणि ग्रेगरियन १९ फेब्रुवारी १६३० ला तर चंद्र शुक्ल पक्षातला, जेमतेम अर्धा होता. उत्सव कोणत्या दिवशी करावा हे समाजाने ठरवायचे. पण तारखेला कॅलेंडरचे नाव जोडल्याशिवाय ती पुरी होत नाही, हे वर्गात जरूर सांगावे.

आता उरतो योगायोगाचा प्रश्न. असे योग खरोखर विरळ असतात का? हयात नसलेले कोणतेही पन्नास शास्त्रज्ञ घ्या. जन्म आणि मृत्यू मिळून १०० तारखा होतात. त्यांतून दोन-दोनच्या जोड्या पाडल्या तर ४,९५० जोड्या होतील. एखाद्या जोडीत दिवस आणि महिना जुळण्याची शक्यता ३६५ त एक. म्हणजे काहीही विशेष न घडता तेरा-चौदा जोड्या जुळलेल्या सापडाव्यात. मुलांकडून अशी यादी करून घ्या आणि मोजायला सांगा. शिवाय जन्म-जन्म, जन्म-मृत्यू, १०० वर्षे, ३०० वर्षे यांतले जे जुळेल त्यालाच आपण ‘विलक्षण’ म्हणतो आणि न जुळलेल्या हजारो जोड्या विसरून जातो. स्वतः हॉकिंग यांनी आपल्या जन्मतारखेचा उल्लेख करून पुढे अंदाज दिला होता, की त्याच दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असतील.

तर मग गॅलिलिओ आणि न्यूटन यांचा काही संबंध नाही का? आहे, आणि तो तारखेपेक्षा कितीतरी बळकट आहे. १६३३ साली धर्मपीठाने गॅलिलिओला शिक्षा सुनावली. पुढची वर्षे त्याने नजरकैदेत काढली, दृष्टीही गेली. तरीही पडणाऱ्या व फेकलेल्या वस्तूंच्या गतीवरचा त्याचा ग्रंथ १६३८ साली इटलीबाहेर, हॉलंडमधील लायडन येथे छापून निघाला. अखेरच्या दिवसांत व्हिव्हियानी आणि टॉरिचेली हे त्याचे तरुण सहकारी त्याच्याजवळ होते. पुढे १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध करताना न्यूटनने गतिविषयक नियमांच्या संदर्भात गॅलिलिओचा नाव घेऊन उल्लेख केला. गॅलिलिओचे विचार न्यूटनच्या पिढीपर्यंत पोहोचले ते छापलेल्या पानांमधून, शिष्यांमधून, पत्रव्यवहारातून. शिक्षा देणाऱ्यांना गॅलिलिओला घरात कोंडता आले, पण त्याचे पुस्तक कोंडता आले नाही.

तेव्हा येत्या ८ जानेवारीला फळ्यावर नावे अवश्य लिहावीत. त्यांच्यापुढे दोन रकाने मात्र वाढवावेत: ‘तारीख कोणत्या कॅलेंडरची?’ आणि ‘याने कोणाचे वाचले, याचे कोणी वाचले?’ पहिला रकाना वरच्या वर्गातील मुले तासाभरात भरतील. दुसऱ्यासाठी त्यांना ग्रंथालयाची वाट धरावी लागेल.