अन्न नाकारणारा आजार

उपोषणे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांत मागणी असते. मागणीवाचून देह झिजविणाऱ्या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली दिले. त्यांचा उपाय ऊब आणि ठराविक वेळी अन्न. रोग्याची इच्छा विचारायची नाही, आप्त तर सर्वांत वाईट शुश्रूषक! आप्तांवरचा हा ठपका आम्हांस पटत नाही. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा तेही उदास व अन्नवेडे झाले. म्हणजे उपासही मन बिघडवितो. म्हणून आधी अन्न, तेही बेताने. एकदम भरविल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकते. त्याच्या जोडीला मानसोपचार. खात्रीचे औषध अजून नाही. आणि प्रौढ रोगी ‘नको’ म्हणाला तर? बळेच नळी घालावी काय, यावर डॉक्टरांत आजही वाद आहे.