दिमाख : मेंदूतून मिरवणुकीत आलेल्या शब्दाचा प्रवास

१/ 'तिरंगा दिमाखात फडकला', 'पालखीचे दिमाखात प्रस्थान', 'दिमाखदार सोहळा संपन्न'. मराठी वृत्तपत्रांत भव्यता सांगणारा हा शब्द रोज भेटतो. मात्र त्याचा मूळ अर्थ भव्यता नव्हे. तो आहे मेंदू. मेंदूपासून मिरवणुकीपर्यंतचा हा प्रवास पाहण्यासाठी वर्धा जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

२/ मूळ शब्द अरबी : 'दिमाग'. अर्थ मेंदू. तो फारसीत गेला आणि त्याला नव्या छटा फुटल्या : मनःस्थिती, गर्व, ताठा. आजच्या इराणी फारसीत तर त्याचा नेहमीचा अर्थ नाक असा आहे! मेंदू, नाक आणि गर्व एकाच शब्दात कसे नांदतात, याचे नवल मराठी माणसाला वाटू नये. आपल्याकडेही गर्विष्ठाच्या 'डोक्यात हवा' जाते आणि तो 'नाक वर करून' चालतो.

३/ उत्तर भारतात हा शब्द 'दिमाग' राहिला आणि त्याने मेंदू, बुद्धी हा मूळ अर्थ टिकवला. गर्वाची छटा फक्त वाक्प्रचारांत उरली. हिंदीत गर्विष्ठाचा दिमाग सातव्या आकाशावर असतो. मराठीत मात्र उलट घडले. शेवटच्या 'ग'चा 'ख' झाला, जसा 'चिराग'चा जुन्या मराठीत 'चिराख' झाला. मेंदू हा अर्थ मागे पडला आणि गर्व तेवढा उरला.

४/ परक्या शब्दाने मराठीत येऊन असा वेष पालटणे नवे नाही. फारसीत 'खून' म्हणजे रक्त, मराठीत हत्या. 'शिकस्त' म्हणजे मोडणे, पराभव. मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त करतात, म्हणजे पराकाष्ठा. 'राजीनामा' म्हणजे संमतीचा कागद. हिंदी भाषक प्रदेशांतील न्यायालयांत आजही तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात, मराठीत मात्र राजीनामा देणारा पद सोडतो.

५/ हे शब्द मराठी मुलखात आले ते सत्तेबरोबर. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे त्याच्या वाटण्या होऊन वऱ्हाडात इमादशाही, इतरत्र निजामशाही, आदिलशाही उभी राहिली. मग मोगल आले. दरबार, कचेरी, फौज आणि महसूल यांची भाषा फारसीमिश्रित झाली. आजच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे मोगल सरदार मुहम्मद खान नियाझी याच्या घराण्याचे मकबरे आहेत. १९४२ च्या हुतात्म्यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावात सतराव्या शतकातील सरदारी वैभवाची ही खूणही उभी आहे.

६/ सत्ता बदलली तेव्हा शब्द बदलण्याचाही प्रयत्न झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. सुमारे १४०० शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. या कोशाचा रोख राज्यकारभारावर होता : दुर्ग, शस्त्रे, सैन्य, लेखन, कोठारे, व्यापार. कारभाराचे शब्द आज्ञेने बदलता येतात. माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारे शब्द मात्र कचेरीत राहत नाहीत; ते ओसरीवर, बाजारात, भांडणात राहतात. 'दिमाख' तसाच टिकला.

७/ मराठी कोशांत 'दिमाख' या नोंदीपुढे गर्व, ताठा, ऐट, डौल असे अर्थ मांडलेले दिसतात. ही अर्थांची उतरंड नीट पाहण्याजोगी आहे. गर्व हा दोष. ताठा हाही दोषच. ऐट मात्र मधली. ती कधी खटकते, कधी आवडते. आणि डौल तर शोभाच. निंदेपासून स्तुतीपर्यंतच्या चारही पायऱ्या एकाच शब्दात आहेत.

८/ आजच्या बोलण्यातही या दोन्ही टोकांचे अर्थ जिवंत आहेत. 'फार दिमाख दाखवतो' ही निंदा आहे. 'दिमाखात उभा आहे' ही स्तुती. शब्द तोच, मग निंदेची स्तुती कशाने झाली? उत्तर व्याकरणात दडलेले आहे. पहिल्या वाक्यात 'दिमाख' हे नाम आहे आणि तो दाखवणारा माणूस समोर आहे. दुसऱ्या वाक्यात 'दिमाखात' हे क्रियाविशेषण झाले आहे. ते माणसाला न चिकटता क्रियेला चिकटते.

९/ आता क्रिया कुणाची, ते पाहावे. बुरूज उभा राहतो, ध्वज फडकतो, पालखी निघते. बुरुजाला अहंकार नसतो आणि ध्वज कुणाला तुच्छ लेखत नाही. निर्जीव वस्तूला 'दिमाख' जोडला की त्यातला दोष आपोआप गळतो आणि रुबाब तेवढा शिल्लक राहतो. एकदा तो असा धुतला गेला की मग माणसांच्या सोहळ्यालाही लावता येतो. पाहुणे 'दिमाखात' येतात आणि कुणालाही त्यात ताठा ऐकू येत नाही.

१०/ इंग्रजीतही असेच घडले आहे. 'ग्रँडली' हे क्रियाविशेषण इमारतीला लावले तर कौतुक. 'तो ग्रँडली म्हणाला' असे लिहिले तर बहुधा चिमटा. 'मॅग्निफिसंटली' याचा प्रवास आणखी बोलका आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'थोर कृती करणारा'. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात तर भव्यता हा सद्गुण आहे : सार्वजनिक कार्यासाठी, प्रसंगाला शोभेल असा मोठा खर्च करण्याची वृत्ती. पुढे त्यातली कृती मागे पडली आणि डोळे दिपवणारे रूप उरले.

११/ म्हणजे भव्यतेच्या शब्दांत एक जुना प्रश्न दडलेला असतो : भव्य काय, कृती की देखावा? हा प्रश्न विसाव्या शतकात वर्ध्याने देशापुढे ठेवला.

१२/ वर्धा शहर फार जुने नाही. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आले आणि तिथे आजचे वर्धा वसले. या शहराला जमनालाल बजाज लाभले. सरकारने त्यांना 'रायबहादूर' ही पदवी दिली होती. असहकाराच्या काळात त्यांनी ती परत केली. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. मंदिराचे शिखर पूर्वीचेच राहिले, पण त्याची थोरवी त्या दिवसापासून बदलली.

१३/ १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. तिथे व्हाइसरॉयसाठी ३४० खोल्यांचा प्रासाद बांधलेला होता. साम्राज्याचा दिमाख दगडातून बोलावा, हाच त्यामागचा हेतू होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. घर जवळपास मिळणाऱ्या साहित्याचे असावे आणि खर्च ५०० रुपयांपलीकडे जाऊ नये, ही त्यांची अट होती. माती, बांबू, कौले. पुढे विदर्भातील दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव 'सेवाग्राम' झाले.

१४/ देशभरातले नेते इथे येऊन मातीच्या जमिनीवर बसत. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला. दगडी प्रासादाला आव्हान देणारा विचार मातीच्या भिंतींच्या परिसरात आकाराला आला.

१५/ याच वर्ध्यात शब्दांवरही वाद झाले. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. राष्ट्रभाषा संस्कृतप्रचुर हिंदी असावी, की अरबी-फारसी शब्दांना आपले मानणारी आणि नागरी व उर्दू या दोन्ही लिपींत लिहिली जाणारी हिंदुस्थानी? गांधीजींचा कौल हिंदुस्थानीला होता. १९४२ मध्ये वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा उभी राहिली. अरबीतून आलेला 'दिमाग' घरचा की परका, हे या वादाच्या पोटातच होते.

१६/ त्या वादाचा निकाल कोशांत कसाही लागो, वर्ध्याच्या रस्त्यावर तो कधीच लागला आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणाऱ्या या शहरात 'दिमाग' आणि 'दिमाख' एकाच तोंडी नांदतात. एकच माणूस 'दिमाग खराब मत कर' म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात लग्न कसे 'दिमाखात' झाले ते सांगतो. हे दोन सख्खे भाऊ आहेत, याची जाणीव बहुधा त्याला नसते.

१७/ शब्दाचा अर्थ सुधारला, यात वाईट काय? वरकरणी काहीच नाही. पण 'दिमाखात' या शब्दात पूर्वी एक पाहणारा डोळा होता. समोरचा थाट पाहून तो डोळा विचारत असे : हे तेज कर्तृत्वाचे, की ताठ्याचे? स्तुतीचा शब्द झाल्यावर हा प्रश्न विचारण्याची त्याची सवय सुटत चालली आहे. प्रत्येक सोहळा दिमाखदार ठरू लागला की थोर प्रसंग आणि महागडा प्रसंग यांतला फरक सांगायला दुसरा शब्द शोधावा लागतो.

१८/ तरीही जुना अर्थ अजून पुरता मेलेला नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. 'रायगड दिमाखात उभा आहे' हे वाक्य कुणालाही खटकत नाही. आता म्हणून पाहावे : 'सेवाग्रामची बापू कुटी दिमाखात उभी आहे.' व्याकरण बिनचूक आहे, कुटीचे थोरपणही निर्विवाद आहे. पण कान अडखळतो. त्या अडखळण्यात शब्दाचा जुना ताठा अजून शाबूत आहे.