जी५ चं घर: एका बलिदानाचा घटनाक्रम

सांगलीतल्या एका सभागृहात भरलेली बुद्धिबळाची खुली स्पर्धा, रविवार सकाळची चौथी फेरी. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची वाढ. पांढरी मोहरी आमच्या साताऱ्याच्या गटातल्या एका हायस्कूल शिक्षकांकडे, काळी आठवीतल्या एका मुलीकडे. डाव दीड वाजेपर्यंत चालला, पण हरला तो ११ वाजून ६ मिनिटांनीच. नंतर व्हरांड्यात जो वाद झाला तो त्या एका मिनिटाभोवतीच फिरत राहिला. हौशी खेळाडूंचे असे बहुतेक वाद तसेच फिरतात. मला ते पटत नाही, म्हणून आदल्या रात्रीपासून सांगतो.

शनिवार, रात्री ९. चौदा तास आधी

लॉजच्या खोलीत सर मोबाइलवर एक जुना डाव लावून बसले होते. बेल्जियमचा एडगार कोल आणि आयर्लंडचा ओहॅनलन, नीस, १९३०. या डावात कोलनं बाराव्या चालीला एच७ वरचं प्यादं उंटानं मारलं, राजाला बाहेर ओढलं, घोड्यानं जी५ वरून शह दिला आणि विसाव्या चालीपर्यंत डाव संपवला. हे बलिदान कोलचं नव्हे. सतराव्या शतकात इटलीच्या ग्रेकोनं लिहून ठेवलेल्या डावांमध्ये ते सापडतं. पण कोलच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीत पांढऱ्याचा उंट पहिल्यापासून एच७ कडे डोळा लावून डी३ वर बसलेला असतो, त्यामुळे ती खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा डाव घर करून असतो.

सरांनी तो डाव मला दोनदा दाखवला. दोन्ही वेळा थेट बाराव्या चालीपासून. दहाव्या आणि अकराव्या चालीत काय झालं, ते आम्ही दोघांनी पाहिलंच नाही. डी२ वरचा घोडा तिथेच ई४ वर येऊन मारला गेला होता आणि मागच्या सी१ वरच्या उंटाला जी५ पर्यंतचा कर्ण मोकळा मिळाला होता. कोलच्या घोड्यानं जी५ वर शह दिला तेव्हा त्याच्या पाठीशी हा उंट उभा होता. काळा वजीर त्या घोड्याला मारू शकत नव्हता, मारला असता तर स्वतः गेला असता.

माझ्या मते चूक इथे सुरू झाली. डावपेच पाठ करताना आपण चमकदार चाल पाठ करतो. ती ज्या आधारावर उभी असते तो आधार पाठ करत नाही.

रविवार, सकाळी १०:१०. ५६ मिनिटं आधी

पेअरिंग लागायला उशीर झाला, दहा मिनिटांनी घड्याळं सुरू झाली. पहिल्या सात चाली भराभर पडल्या. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडे एफ३ आणि डी२ वर, प्यादी सी३, डी४, ई३ वर, राजाचं कॅसलिंग झालेलं. काळ्यानंही कॅसलिंग केलं होतं. तिचा घोडा एफ६ वर आणि उंट ई७ वर होता.

या दोन काळ्या मोहऱ्यांकडे नीट पाहा. एफ६ चा घोडा एच७ राखतोय. शिवाय तो आणि ई७ चा उंट, दोघंही तिच्याच वजिराच्या वाटेत उभे आहेत. डी८, ई७, एफ६, जी५ हा कर्ण दोन कुलुपांनी बंद आहे.

१०:२०. ४६ मिनिटं आधी

आठव्या चालीवर सर १४ मिनिटं थांबले. डी४ च्या प्याद्यानं सी५ चं मारायचं की नाही, एवढाच प्रश्न. या सुरुवातीत ते मारणं सर्रास चालतं, त्यात धोका काही नव्हता. ज्या चालीला दोन मिनिटं पुरली असती तिथे त्यांनी सकाळची सर्वांत मोठी बैठक मारली. हौशी खेळाडूंचं घड्याळ मी बरीच वर्षं पाहतोय. वेळ कमी पडल्यानं होणाऱ्या चुकांपेक्षा वेळ भलत्या चालीवर खर्च केल्यानं होणाऱ्या चुका कितीतरी जास्त असतात.

अखेर त्यांनी मारलं. मुलीनं ई७ च्या उंटानं सी५ वर परत मारलं. पहिलं कुलूप सरांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं.

१०:३८. २८ मिनिटं आधी

पांढऱ्याचं प्यादं ई४ वर आलं. पुढे ई५ येणार हे उघड होतं. वजीर सी७ वर आणून ई५ वर नजर ठेवणं ही इथली नेहमीची चाल. मुलीनं १२ मिनिटं घेतली आणि ए६ वर प्यादं सरकवलं.

ही चाल सुस्त होती. नंतरच्या वादात तिच्या प्रशिक्षकांनीही तिला याबद्दल टोकलं, आणि ते बरोबर होतं. पण या चालीमुळे वजीर डी८ वरच राहिला. सी७ ला गेला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

१०:५०. १६ मिनिटं आधी

सरांनी तीन मिनिटांत ई५ ढकललं. एफ६ च्या घोड्याला हलावं लागणार होतं; तो डी७ वर गेला. एच७ चा राखणदार गेला. आदल्या रात्रीच्या डावातलं चित्र सरांना समोर दिसायला लागलं असणार, कारण ते खुर्चीत पुढे सरकले. मीही दोन टेबलं पलीकडे उभा होतो.

त्या घोड्याबरोबर दुसरं कुलूपही निघालं होतं. वजिराला आता जी५ पर्यंत सरळ वाट होती. आणि पांढऱ्याचा डी२ चा घोडा सी१ च्या उंटासमोर अजून तसाच बसलेला होता. हल्ला जितका पुढे सरकत होता, तितकं ते जी५ चं घर सरांच्या हातून निसटत होतं.

११:०२. चार मिनिटं आधी

सरांच्या घड्याळात ७१ मिनिटं शिल्लक होती. या पट्टीच्या स्पर्धेत अकराव्या चालीला ही श्रीमंती म्हणायची.

त्यातली चार मिनिटं त्यांनी घेतली. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी काय मोजलं होतं ते सांगितलं: राजानं उंट मारला, घोड्यानं शह दिला, राजा जी८ ला गेला तर वजीर एच५ ला, राजा जी६ ला आला तर वजीर जी४ ला. राजाच्या चाली त्यांनी सगळ्या मोजल्या होत्या. शह देणाऱ्या घोड्याला मारता येतं का, हा प्रश्न यादीतच नव्हता. कोलच्या डावात तो पडत नव्हता, म्हणून इथेही पडला नाही. खरं तर शह मोडण्याच्या तीन वाटा आपण लहान पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो: पळा, आड या, मारा.

पूर्वीचे खेळाडू चाल आधी कागदावर लिहीत, पेन खाली ठेवत, पटाकडे नव्यानं पाहत आणि मगच मोहऱ्याला हात लावत. सोव्हिएत ग्रँडमास्टर कोतोवनं ही सवय आवर्जून शिकवली होती. आता नियमानं ती बंद आहे; आधी खेळायचं, मग लिहायचं. कागदावर टिपणं होऊ नयेत हा नियमाचा हेतू मला कळतो. पण हौशी माणसाचा एक श्वास त्यानं काढून घेतला, असं मला मनापासून वाटतं.

११:०६

सरांनी डी३ चा उंट उचलला. हात लागला की मोहरं चालवावंच लागतं. उंटानं एच७ चं प्यादं मारलं. मुलीच्या राजानं उंट मारला. घोडा लगेच जी५ वर आदळला, शह.

मुलगी दचकली होती. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन ती आधी राजाभोवतीची घरं पाहत राहिली. जी८. जी६. एच६. मग पुन्हा जी८. पाचव्या मिनिटाला तिची नजर घोड्यावर थांबली आणि तिथून तिरकी मागे सरकत डी८ पर्यंत आली. तिनं सी१ च्या उंटाकडे पाहिलं, त्याच्यासमोरच्या घोड्याकडे पाहिलं. ११:१३ ला वजिरानं जी५ चा घोडा मारला.

त्यानंतर

सरांनी डी२ चा घोडा ई४ वर टाकला. आता मागचा उंट मोकळा झाला आणि वजिरावर दोन मोहऱ्यांचा हल्ला आला. ही चाल कसलेली होती: मोहात पडून डी५ च्या प्याद्यानं घोडा मारला असता, तर वजीर गेला असता. मुलीनं वजिरानंच ई५ चं प्यादं घेतलं. घोड्यानं सी५ चा उंट मारला, डी७ च्या घोड्यानं परत मारलं, आणि हिशेब लागला: काळ्याकडे दोन मोहरी जास्त. सर आणखी दोन तास लढले. त्या दोन तासांत त्यांनी सकाळपेक्षा चांगला खेळ केला, यात मला शंका नाही.

दुपारी १:३०. व्हरांडा

सभागृहात मोबाइल चालत नाही, त्यामुळे अ‍ॅनालिसिस बाहेर. कुणीतरी चाली इंजिनात टाकल्या. अकराव्या चालीवर आकडा कोसळलेला दिसला. "बघा, इथे ब्लंडर," म्हणून मंडळींनी विषय मिटवला. इंजिन आकडा दाखवतं, तो कोसळण्याची तयारी कुठे झाली ते दाखवत नाही. २०२४ च्या सिंगापूरच्या अजिंक्यपद लढतीत चौदाव्या डावात डिंग लिरेननं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला आणि गुकेश जगज्जेता झाला. सगळे त्या हत्तीबद्दल बोलले. पण दोन चाली आधी डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. हत्तींची मारामारी झाल्यावर गुकेशनं डी५ वर उंट समोर आणला, तेव्हा त्या कोपऱ्यातून उंटाला निसटायला घर उरलं नव्हतं. एवढ्या वरच्या पातळीवरही हत्तीच्या चुकीची जमीन उंटानं तयार केली होती.

सरांच्या डावात मी बोट ठेवेन ते ई५ नंतरच्या एका न खेळलेल्या चालीवर. डी२ चा घोडा बी३ वर. सी५ च्या उंटावर हल्ला होतो, सी१ चा उंट मोकळा होतो, आणि काळ्यानं हावरेपणानं घोड्यानं ई५ घेतलं तर घोडे मारले गेल्यावर तिचा सी५ चा उंट उघडा पडतो. आधी ही चाल, मग बलिदानाचा विचार. मी हे सांगितल्यावर मुलीच्या प्रशिक्षकांनी मान हलवली, पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. त्यांचं म्हणणं, आठव्या चालीला प्यादं मारलं नसतं तर ई७ चा उंट जागचा हललाच नसता आणि सर या फंदात पडलेच नसते. त्यावर आमचं जुंपलं. मला अजूनही वाटतं की मारणं ठीक होतं; मारल्यानं कोणती वाट उघडली, हे न पाहणं चूक होतं.

सर एवढा वेळ गप्प उभे होते. त्यांनी पट जवळ ओढला, दहाव्या चालीपर्यंतची मांडणी केली, घोडा बी३ वर ठेवला आणि मुलीला विचारलं, "मग तू उंट बी६ वर नेला असतास ना? तेव्हा तर सॅक बसली असती?"

"नाही काका," ती म्हणाली, "मी ई७ ला परत आले असते. मग जी५ पुन्हा माझं झालं असतं."

सरांनी तिचा उंट ई७ वर ठेवला आणि बारावी चाल शोधायला बसले.